फरशीवरचं नाव

मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. एका रविवारी जावई म्हणाले, "अब्बा, चला, आज तुम्हाला हॉलिवूडचा रस्ता दाखवतो." मुलगी, जावई, बारा वर्षांची नात आणि मी असे चौघे निघालो.

लॉस एंजेलिसमधल्या हॉलिवूड बुलेव्हार्ड या रस्त्याच्या दोन्ही फुटपाथांवर आणि त्याला छेदणाऱ्या वाइन स्ट्रीटवर गुलाबी रंगाच्या, पाच टोकांच्या चांदण्या बसवलेल्या आहेत. प्रत्येक चांदणीत पितळी अक्षरांत एकेका कलावंताचं नाव आणि खाली एक छोटं चिन्ह. सिनेमावाल्यांना कॅमेरा, गाणाऱ्यांना तबकडी, रेडिओवाल्यांना मायक्रोफोन. १९६० च्या सुमारास हे काम सुरू झालं आणि आज अशा सत्तावीसशेहून जास्त चांदण्या तिथे आहेत. लोक त्यांच्यावरून चालतात, फोटो काढतात, आइस्क्रीम सांडतात.

मला मात्र तिथे धड चालता येईना. लिहिलेल्या कागदावर पाय पडला तर उचलून तो डोळ्यांना लावायचा, ही आमच्या अम्माची शिकवण. तो कागद उर्दू असो की मराठी, कुराणातला असो की वाण्याच्या पुडीचा. अक्षर ते अक्षर. त्यामुळे मी नावं चुकवत, कधी डावीकडून कधी उजवीकडून चालत होतो. नात हसायला लागली. "नाना, लंगडी खेळताय का?"

तेव्हा जावयांनी मला एका थिएटरपाशी नेलं. ऑस्करचा सोहळा होतो तेच हे थिएटर. तिथे एक चांदणी जमिनीवर नाही, भिंतीवर आहे. नाव मुहम्मद अली. २००२ साली अलींना हा मान द्यायचं ठरलं, तेव्हा आपलं नाव पैगंबरांचं आहे, त्यावर लोकांनी पाय देऊन जावं हे बरोबर नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणून ती एकच चांदणी भिंतीवर बसवली गेली. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. एवढ्या मोठ्या शहराने एका माणसाची एवढी साधी भावना जपली, याचं बरं वाटलं.

पण मी त्या रस्त्यावर आलो होतो ते दुसऱ्याच एका नावासाठी. लॉरेटा लिन. त्या बाईचं नाव तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत मी ऐकलंही नव्हतं.

झालं असं की नात गिटार शिकते. तिच्या शिक्षकांनी तिला एक जुनं गाणं बसवायला दिलं होतं. संध्याकाळी ती ते घोळवत बसायची. इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध कमी, पण या गाण्याची चाल सरळ होती, शब्द कळत होते. एका कोळसा खाणीतल्या मजुराची मुलगी आपल्या घराची हकिकत सांगते आहे. बाप रात्री खाणीत जातो, आई राबते, घरात पैसा नाही पण माया आहे. मी नातीला विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" ती म्हणाली, "नाना, ती बाई स्वतःबद्दलच सांगतेय. खरं आहे सगळं." मग तिने मला 'कोल मायनर्स डॉटर' हा १९८० चा सिनेमाही दाखवला. त्यात लॉरेटाची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं होतं. सिनेमा संपला तेव्हा सगळे झोपायला गेले, मी मात्र बराच वेळ बसून राहिलो. मला माझी फुफी आठवत होती.

आधी लॉरेटाबद्दल सांगतो, म्हणजे फुफी का आठवली ते कळेल.

केंटकी राज्यातल्या डोंगराळ भागात बुचर हॉलो नावाची एक वस्ती आहे. तिथल्या लाकडी खोपटात १९३२ साली लॉरेटा जन्मली. आठ भावंडांतली दुसरी. थंडी आत येऊ नये म्हणून आई भिंतींना जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवायची. त्या पानांत लॉरेटा यंग या नटीचं चित्र होतं. त्या नटीवरून मुलीचं नाव ठेवलं. वडील व्हॅन लीअरच्या खाणीत जात आणि घरची थोडी शेतीही बघत. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं काळी पडण्याचा जो रोग खाणकामगारांना होतो, तो त्यांनाही झाला. १९५९ साली ते गेले. मुलीचं एकही गाणं तेव्हा रेकॉर्ड झालेलं नव्हतं.

लॉरेटाचं लग्न १९४८ साली झालं. आपण तेराव्या वर्षी बोहल्यावर चढलो असं ती आयुष्यभर सांगत आली. पुढे जन्माची कागदपत्रं सापडली, तेव्हा ती लग्नात पंधरा वर्षांची होती असं दिसलं. तेरा काय आणि पंधरा काय, पोरच ती. नवरा तिला हजारो मैल दूर वॉशिंग्टन राज्यात घेऊन गेला. विशी गाठेपर्यंत चार मुलं झाली. पुढे जुळ्या मुली झाल्या, एकूण सहा. नवरा दारू प्यायचा, बाहेरख्याली होता, आणि तिने हे कधी लपवलं नाही. पण तिला पहिली गिटार आणून दिली ती त्यानेच. १९५३ साली, सतरा डॉलरची. घरकाम करताना ती गाते ते ऐकून, तुला गाता येतं, लोकांपुढे गा, असं म्हणणारा पहिला माणूसही तोच. माणसं अशीच असतात, एका रंगात रंगवता येत नाहीत.

ती स्वतःच गिटार वाजवायला शिकली, स्वतःच गाणी रचायला लागली. १९६० साली पहिली तबकडी निघाली. ती वाजवणार कोण? मग नवरा-बायको जुन्या गाडीत बसून गावोगावच्या रेडिओ स्टेशनांवर गेले. गाडीतच झोपायचं, पाव आणि स्वस्तातलं मांस खायचं, स्टेशनच्या दारात उभं राहून तबकडी वाजवा अशी विनंती करायची. ते गाणं देशाच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या मंचावर ती पहिल्यांदा गायली. कंट्री संगीतवाल्यांना तो मंच म्हणजे पंढरीच.

कंट्री म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं गाणं. शेतकरी, ड्रायव्हर, खाणकामगार यांचं. त्यात बायका गात होत्या, पण बहुतेक करून पुरुषांनी लिहिलेली दुःखं गात होत्या. लॉरेटाने बाईच्या तोंडचं बाईनेच लिहिलं. पिऊन घरी येऊ नकोस असं नवऱ्याला ठणकावणारं गाणं १९६७ साली यादीत पहिलं आलं. व्हिएतनामच्या युद्धात नवरा गेलेल्या बायकोच्या तोंडचं गाणं तिने लिहिलं. घटस्फोटित बाईकडे गाव कोणत्या नजरेने बघतं, त्यावर लिहिलं. १९७५ साली 'द पिल' नावाचं गाणं आलं. वर्षानुवर्षं पोटात मूल वाढवत बसलेली बाई गर्भनिरोधक गोळी मिळाल्यावर नवऱ्याला काय सुनावते, असा त्याचा विषय. ते तिचं स्वतःचं नव्हतं, पण ते गाण्याची हिंमत तिची होती. अनेक रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. गाणं तरीही कंट्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं.

१९७२ साली कंट्री म्युझिक असोसिएशनने वर्षातला सर्वोत्तम कलावंत म्हणून तिची निवड केली. तो मान मिळवणारी ती पहिली बाई. १९७८ साली हॉलिवूडच्या फुटपाथवर तिच्या नावाची चांदणी बसली. २०१३ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी देशातला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, नव्वदाव्या वर्षी, टेनेसीतल्या आपल्या घरी ती गेली.

तिचं सगळंच मला पटतं असं नाही. २०१६ साली तिने ट्रम्प यांना पाठिंबा दिला होता. मुसलमानांना देशात येऊ देऊ नये असं जाहीर बोललेल्या माणसाला. माझी मुलगी तिथे राहते, तेव्हा हे मला बोचणारच. मुलीला मी हे म्हटलं तर ती म्हणाली, "अब्बा, आपल्या गावात आपल्याला आवडणारी किती माणसं आपल्याला न आवडणाऱ्याला मत देतात?" मी गप्प बसलो.

आता फुफी.

फुफी म्हणजे वडिलांची बहीण. आमच्या गावापासून चार कोसांवर, कृष्णाकाठच्या एका खेड्यात तिला दिलेलं होतं. लग्नात तिचं वय काय, कुणी तेरा म्हणायचं, कुणी पंधरा. आमच्याकडे तर तपासायला कागदच नाही. फुफा कष्टाळू होता, पण हातात पैसा आला की पत्त्यात आणि ताडीत घालवायचा. फुफीला सात मुलं झाली, पाच जगली. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण फुफीची जात्यावरची ओवी मराठीच असायची. तिच्या शेजारणी मराठा, माळी, महार. त्यांच्याकडून ती ऐकायची आणि स्वतःची घालायची. पहाटे दळण घेऊन बसली की जात्याची घरघर आणि त्यावर तिचा आवाज. सुट्टीत मी तिच्याकडे राहायचो. त्या आवाजाने जाग यायची आणि त्याच आवाजाने परत झोप लागायची.

तिच्या ओव्यांत मोहरमच्या डोल्या असायच्या आणि पंढरीची वाटही असायची. पण जास्त करून तिचंच घर असायचं. भाऊ, म्हणजे माझे अब्बा, ईदला चोळी घेऊन आले नाहीत त्याची तक्रार. सासूने पीठ मोजून घेतल्याची गोष्ट. फुफा पत्त्याच्या डावातून पहाटे घरी येतो आणि झोपल्याचं सोंग करतो, तेव्हा ती जात्याला सांगायची की बाबा, जरा हळू फिर, घरधनी रात्रभर 'कामाला' गेलेले, दमलेत. फुफा आतून खोकायचा. आम्ही पोरं तोंडावर गोधडी घेऊन हसायचो. तोंडावर बोलायची सोय नव्हती, पण जात्यावर सोय होती. जात्यावरच्या बाईला कुणी अडवत नाही.

अडवलं ते मी.

कॉलेजसाठी मी शहरात आलो. वसतिगृहात काही मित्र भेटले, मशिदीत नियमित जाऊ लागलो, बयान ऐकू लागलो. नमाज लागली ती त्याच काळात, आणि ती आजही आहे, त्याबद्दल मी त्या मित्रांचा ऋणी आहे. पण त्याबरोबर दुसरंही काही लागलं. आपल्या घरातलं सगळं चुकीचं आहे, अडाणी आहे, 'त्यांच्याकडून' आलेलं आहे, असं वाटू लागलं. वीस-बावीस वर्षांच्या पोराला आपण सगळ्या खानदानाला सुधारणार असं वाटतं, तसं मला वाटत होतं.

१९८८ साली बहिणीचं लग्न होतं. हळदीच्या रात्री बायका जमल्या, फुफीने ढोलक ओढली आणि गायला सुरुवात केली. नवरीला सांगायच्या चार गोष्टी, त्यात सासरच्यांना कोपरखळ्या. सगळ्या बायका हसत होत्या, अम्मासुद्धा. मी बाहेरून आत आलो आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "फुफी, बंद करा हे. बाईचा आवाज गैर पुरुषाच्या कानावर जाणं गुनाह आहे. आपल्यात हे चालत नाही."

ढोलक थांबली. फुफीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ती म्हणाली, "बरं बाबा. तू शिकलेला. नाही गात." आणि ढोलक बाजूला ठेवून ती स्वयंपाकघरात कांदे चिरायला गेली.

त्यानंतर माझ्यासमोर ती कधी गायली नाही. माझ्या लग्नात नाही, माझ्या मुलीच्या अकीक्यात नाही. मी तिच्या गावी गेलो की घर शांत असायचं. गावात पिठाची गिरणी आली होतीच, जातं बंद पडलं होतं. तेही एक निमित्त झालं. २००४ साली ती गेली. तोवर मी बराच बदललो होतो. वाचन वाढलं होतं. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बकर यांनी त्यांना दटावलं, तेव्हा आज ईद आहे, त्यांना गाऊ द्या असं पैगंबरांनी सांगितलं, ही हदीस मी तोवर वाचली होती. लग्नात डफ वाजवायला त्यांनी मुभा दिल्याचंही वाचलं होतं. संगीताबद्दल उलेमांत मतभेद आहेत, मी काही आलिम नाही, फतवा देणार नाही. पण हळदीच्या रात्री म्हाताऱ्या फुफीची ढोलक थांबवण्याचा अधिकार मला कुठल्या किताबाने दिला होता, ते मला अजून सापडलेलं नाही.

हदीस वाचली तेव्हा फुफी जिवंत होती. तिला जाऊन सांगायला हवं होतं, फुफी, माझं चुकलं, गा. गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. खरं म्हणजे लाज वाटत होती.

तर त्या रात्री सिनेमा संपल्यावर हे सगळं डोळ्यांसमोर आलं. दुसऱ्या दिवशी मी नातीला फुफीबद्दल सांगितलं. जात्याचा खुंटा कसा धरतात ते हाताने करून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लगेच विचारलं, "नाना, तिचं रेकॉर्डिंग आहे का? ऐकवा ना."

रेकॉर्डिंग नाही. वही नाही. मला आठवतात ती नुसती चाल आणि विषय. पूर्ण ओवी एकही नाही. लॉरेटाच्या त्या गाण्याची मूळ कडवी बरीच जास्त होती. गाणं लांब होतंय म्हणून निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी त्यातली काही कापायला लावली. ती कापलेली कडवी हातची गेल्याचं तिला पुढे वाईट वाटत राहिलं, असं मी वाचलं. तिची चार कडवी गेली. माझ्या फुफीचं सगळंच गेलं, आणि कापणारा मी होतो.

म्हणून मला ती चांदणी बघायची होती. वाइन स्ट्रीटवर ती सापडली. गुलाबी फरशी, पितळी अक्षरं, खाली तबकडीचं चिन्ह. एक माणूस कॉफीचा कप घेऊन तिच्यावरूनच फोनवर बोलत उभा होता. तो बाजूला झाल्यावर मी खाली बसलो आणि रुमालाने ती अक्षरं पुसली. मुलीला वाटलं अब्बांना चक्कर आली. नातीने फोटो काढला. भिंतीला चिकटवलेल्या कागदावरच्या नटीचं नाव घेतलेली खोपटातली पोर, आणि त्या नटीच्याच रस्त्यावर तिचंही नाव. लॉरेटा यंगच्याही चांदण्या तिथे आहेत.

भारतात परत आल्यावर मी फुफीच्या गावी गेलो. आता तिथे तिचा नातू राहतो. घर पक्कं झालंय, पुढे फरशी घातली आहे. मोरीच्या तोंडाशी पाय ठेवायला एक गोल दगड बसवलाय, मधे भोक बुजवलेलं. मी ओळखला. जात्याची वरची तळी. जिच्यावर फुफीने आयुष्य गायलं, तिच्यावर उभं राहून पोरं पाय धूत होती. मी म्हटलं, "अरे, हे काढून आत ठेव." तो म्हणाला, "चाचा, सिमेंटमध्ये बसवलंय. काढायला गेलो तर अख्खी फरशी फुटेल." त्याचंही खरंच होतं. मी त्या दगडाला वळसा घालून आत गेलो.

फुफीची थोरली मुलगी, माझी आपा, आता पंच्याहत्तरीची आहे. मिरजेला असते. तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, "आपा, फुफीच्या ओव्या सांगा. मी लिहून घेतो." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तूच ना रे बंद केलं होतंस?" मी म्हटलं, "हो आपा. मीच." त्यापुढे दहा मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही. सुनेने चहा आणला. चहा झाल्यावर आपाने डोक्यावरचा पदर सारखा केला, उजवा हात पुढे घेतला, खुंटा धरल्यासारखा, आणि हात गोल फिरवत आठवायला लागली. हात थांबला की शब्द थांबायचे, हात फिरला की यायचे.

आतापर्यंत अकरा ओव्या मिळाल्या आहेत. दोन अर्ध्या आहेत. फुफाची खोकण्याची ओवी त्यात आहे, आपाला ती पूर्ण आठवत होती. मोबाइलवर आवाज घेतला आणि नातीला पाठवला. तिने गिटारवर ती चाल लावून बघितली, नीट बसत नाही म्हणाली, प्रयत्न करतेय.

हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या सगळ्यांना वाचायला, ऐकायला मिळतात. त्यांच्यासारखे लोक आपल्या फुफीपर्यंत, खालापर्यंत, आजीपर्यंत पोचतीलच असं नाही. ते काम घरातल्यांनाच करावं लागेल. तुमच्या घरी अशी कुणी असेल, ती अजून असेल, तर या शुक्रवारी नमाजानंतर, रविवारी सुट्टीला, जमेल तेव्हा तिच्यापुढे जाऊन बसा. आणि माझ्यासारखं कधी तिला थांबवलं असेल, तर आधी माफी मागा, मग मोबाइल काढा.